आल्टो ८०० च्या टपावरचं कॅरिअर : काही महिन्यांच्या वापरानंतर

हायवेला शंभरच्या स्पीडनं १८ चं ॲव्हरेज देणारी गाडी कॅरिअर बसवल्यापासून १६ वर आली, तेही कॅरिअर रिकामं असताना. सर्व्हिस सेंटरवाल्यांचं एकच पालुपद : "दहा किलोच्या कॅरिअरनं काय होतंय साहेब? इंजेक्टर साफ करून घ्या." करून घेतले, पैसे मोजले, ॲव्हरेज जागच्या जागी. मग मीच मोजायला बसलो.

वजनापुरतं त्यांचं बरोबर आहे. दहा किलोनं टायरचा विरोध जेमतेम एक न्यूटन (साधारण शंभर ग्रॅमच्या वजनाएवढं बल) वाढतो. पण कॅरिअर वाऱ्याच्या तोंडावर असतं, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो : वेग दुप्पट, तर विरोध चौपट.

मोजायची पद्धत साधी. पहाटे, सपाट मोकळा रस्ता, इंजिन चालू ठेवून न्यूट्रल, आणि ८० वरून ७० वर यायला किती वेळ लागतो ते बघायचं. वेग मोबाइलच्या जीपीएसवर, कारण काटा जास्तच दाखवतो. वाऱ्याचा परिणाम जावा म्हणून दोन्ही दिशांना. स्टॉपवॉच ताईच्या हातात. कॅरिअर नसताना साधारण साडेनऊ सेकंद, रिकामं असताना साडेआठ, वर बॅगा बांधल्या की सव्वासात. वेळ जितका कमी, तितका विरोध जास्त.

या गाडीची रुंदी १४९० मिमी, उंची १४७५ मिमी. समोरचं क्षेत्रफळ १.८७ चौरस मीटर धरलं, ड्रॅग गुणांक (गाडीचा आकार हवेला किती अडतो त्याचा आकडा) ०.३६. चार माणसं आणि सामानासह वजन १००० किलो. शंभरला हवेचा विरोध २८५ न्यूटन, टायरचा ११८. गिअरबॉक्समध्ये वाया जाणारी ताकद धरून इंजिनाला लागतात १७ पीएस (म्हणजे जवळपास तितकेच हॉर्सपॉवर). टपावर बॅगा असतील तर २२. इंजिन ४८ पीएसचं आहे, पण ते ६००० आरपीएमला. पाचव्यात शंभरला इंजिन बरंच खाली फिरत असतं, म्हणून लोडेड गाडीला ओव्हरटेकसाठी चौथा टाकावाच लागतो.

हिशोब मांडल्यावर मी कॅरिअर विकायलाच काढलं होतं. मग घाटाचं गणित केलं आणि मत बदललं. पंचवीस मीटरला एक मीटर असा चढ धरला, तर साठच्या वेगाला नुसतं वर चढायलाच जवळपास ३९० न्यूटन लागतात आणि हवेला फक्त शंभर. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर कारला सपाटीला १०० आणि घाटात ६० ची मर्यादा आहे. असा चढ असेल तर दोन्हीकडे इंजिनाला ताकद जवळजवळ सारखीच लागते. घाटात वजन छळतं, सपाटीला हवा. म्हणजे कॅरिअर वाईट नाही, ते लावून शंभरनं जाणं महाग आहे. ऐंशीवर राहिलं की हवेचा विरोध थेट ६४ टक्क्यांवर येतो.

माझा खरा राग मात्र पुढच्या आडव्या पाइपवर. चौकोनी, कडा धारदार, आणि सत्तरच्या पुढे अशी शिट्टी की मागच्या सीटवर आईला झोप लागायची नाही. बनवणाऱ्यानं विमानाच्या पंखासारखा मागे निमुळता होणारा पाइप वापरला असता तर काय बिघडत होतं? शेवटी पाइपला जाड सुतळी तिरकी, अंतर सोडून गुंडाळली. शिट्टी बंद झाली. ॲव्हरेज अर्थातच तेवढंच राहिलं.

रिकामं कॅरिअर शंभर किलोमीटरला अर्ध्या लिटरहून जास्त पेट्रोल खातं. काही न वाहता पन्नासच्या वर रुपये! मी आता चार क्लॅम्प सोडून ते पार्किंगच्या भिंतीला टांगतो; दहा मिनिटांचं काम आहे. सामान लादलंच तर बॅगा आडव्या ठेवा. मीटरभर रुंद ढिगाची उंची दहा सेंटिमीटरनं कमी केली, तर शंभरला अंदाजे ३५ न्यूटन वाचतात. इंजेक्टर सफाईच्या पैशांसाठी लेखी तक्रार दिली आहे, मोजमापाच्या कागदासकट.