सुपर मीटिऑर ६५०: ताशी वीस किलोमीटरच्या आतली परीक्षा

रॉयल एनफिल्डची सुपर मीटिऑर ६५० घेऊन मला पाच महिने झाले आहेत आणि गाडीचे ४,२०० किलोमीटर पूर्ण झाले आहेत. या गाडीच्या इंजिनाविषयी, आवाजाविषयी आणि महामार्गावरच्या स्थैर्याविषयी भरपूर लिहिले गेले आहे आणि त्यातले बहुतेक खरे आहे. मला मात्र खरेदीपूर्वी एका साध्या प्रश्नाचे उत्तर हवे होते आणि ते कुठेच नीटसे मिळाले नाही. आयुष्यभर दीडशे किलोच्या आसपासच्या मोटारसायकली चालवलेल्या, मध्यम उंचीच्या आणि मध्यम ताकदीच्या माणसाला २४१ किलोची गाडी रोजच्या वापरात झेपते का, आणि तिच्यावर हात बसायला किती दिवस लागतात? हे परीक्षण मुख्यतः त्या प्रश्नाविषयी आहे.

याआधी सात वर्षे माझ्याकडे बजाजची ॲव्हेंजर क्रूझ २२० होती. त्यामुळे बैठक खाली, पाय पुढे आणि हँडल अंगाशी आलेले ही क्रूझरची ठेवण माझ्या चांगलीच अंगवळणी पडलेली होती, आणि नवी गाडी म्हणजे त्याचीच पुढची पायरी असेल अशी माझी समजूत होती. ॲव्हेंजरचे वजन १६३ किलो. दोन्ही गाड्यांतला फरक ७८ किलोंचा, म्हणजे एक धडधाकट माणूस कायमचा मागे बसवून गाडी ढकलण्याइतका आहे. स्प्लेंडर वापरणाऱ्यांसाठी वेगळ्या शब्दांत सांगायचे तर दोन स्प्लेंडर एकत्र केल्या तरी वजन या एका गाडीपेक्षा कमीच भरेल.

शोरूममध्ये घेतलेल्या चाचणी फेरीत हा फरक मुळीच कळत नाही. माझी फेरी तीन किलोमीटरांची होती आणि रस्ता सरळ व मोकळा होता. बैठकीची उंची ७४० मिलिमीटर असल्यामुळे दोन्ही तळपाय जमिनीवर पूर्ण टेकतात, वजन खालच्या बाजूला असल्यामुळे गाडी पहिल्या वीस-तीस फुटांतच हलकी वाटू लागते आणि वेग वाढला की चाके आपला तोल आपणच धरतात. माझ्या एक गोष्ट नंतर लक्षात आली. गाड्यांच्या रांगेतून ही मोटारसायकल मागे ओढून, वळवून, रस्त्याकडे तोंड करून मला आणून देण्याचे काम विक्रेत्याच्या माणसाने केले होते आणि परत आल्यावर ती जागेवर लावलीही त्यानेच. म्हणजे या गाडीच्या मालकाला रोज दोनदा करावे लागणारे सर्वांत अवघड काम त्या फेरीत माझ्या वाट्याला आलेच नव्हते. घेण्याचा विचार करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, चाचणीच्या वेळी इंजिन बंद ठेवून गाडी स्वतः दहा पावले मागे ओढून पाहावी आणि एकदा अरुंद जागेत पूर्ण वळवावी. शक्य झाल्यास ती आपल्या घराच्या वाहनतळापर्यंत नेण्याची परवानगी मागावी.

आमच्या सोसायटीचे वाहनतळ तळघरात आहे आणि वर येणारा उतार संपताच उजवीकडे काटकोनात वळावे लागते. चौथ्या दिवशी सकाळी त्या वळणावर समोरून एक लहान मूल सायकल घेऊन आले, हँडल उजवीकडे वळलेले असतानाच मी पुढचा ब्रेक दाबला आणि गाडी उजव्या कुशीवर आडवी झाली. वेग माणसाच्या चालण्याएवढाही नव्हता. वळलेल्या हँडलसह पुढचे चाक एकदम थांबले की गाडीचा सगळा भार वळणाच्या आतल्या बाजूला कोसळतो. दीडशे किलोच्या गाडीला पाय रोवून सावरता येते. या गाडीला एका मर्यादेपलीकडे सावरण्याचा प्रयत्न करूच नये, कारण गुडघा किंवा कंबर दुखावण्यापेक्षा रबरी मूठ घासलेली परवडते. मी वेळीच पाय काढून घेतला आणि ती गेली तशी जाऊ दिली.

आडवी पडलेली गाडी उचलण्याची एक पद्धत आहे, आणि ती गरज पडण्याआधीच माहीत असलेली बरी. प्रथम इंजिन बंद करायचे. गाडी उजव्या बाजूला पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवायचा, म्हणजे उचलल्यावर ती पलीकडे कोसळत नाही. गिअर पहिल्यात ठेवायचा, म्हणजे चाक फिरत नाही. मग गाडीकडे पाठ करून बैठकीच्या कडेला कमरेचा मागचा भाग टेकवायचा, एका हाताने हँडलची खालची मूठ आणि दुसऱ्या हाताने मागचा भक्कम भाग धरायचा आणि पाठ ताठ ठेवून, केवळ पायांच्या जोरावर लहान लहान पावले मागे टाकत उभे राहायचे. मी एकट्याने, ६८ किलो वजनाच्या शरीराने, ती अशीच उचलली. हात पुढे करून, वाकून ओढले असते तर ती जागची हललीही नसती.

त्यानंतरच्या दोन रविवारी मी पहाटे एका मोकळ्या मैदानावर सराव केला. ओळखीच्या एका जुन्या मिस्त्रींनी तिथे येऊन मला एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकवले: “साहेब, हँडल सरळ झाल्याशिवाय पुढच्या ब्रेकला बोट लावायचं नाही.” संथ वेगात उजव्या पायाने मागचा ब्रेक हलकाच दाबून धरायचा, क्लच अर्धा ठेवायचा, ॲक्सिलरेटर स्थिर ठेवायचा आणि वेग फक्त क्लचने कमी-जास्त करायचा, एवढीच ती विद्या आहे. इंजिन ओढत असते आणि मागचा ब्रेक अडवत असतो. या दोहोंच्या ताणात गाडी इतकी शांत उभी राहते की चालत्या माणसाच्या बरोबरीने ती नेता येते. दुसरी गोष्ट नजरेची. पुढच्या चाकापाशी पाहिले की गाडी अडखळते आणि वळण जिथे संपणार आहे तिकडे मान वळवून पाहिले की तीच गाडी त्याच जागेत सहज वळते. क्लच आणि पुढच्या ब्रेकच्या, हँडललगतच्या दोन्ही दांड्यांचे अंतर बोटांच्या लांबीनुसार बदलता येते आणि स्लिप-असिस्ट प्रकारचा, म्हणजे दाबायला कमी जोर लागणारा क्लच हातात हलका आहे. तासभर अर्ध्या क्लचवर सराव करताना या दोन सोयींचे मोल मला खऱ्या अर्थाने कळले.

आपल्याकडे शंभर सीसीच्या गाडीवर आरटीओच्या मैदानात आठचा आकडा काढून मिळालेला परवाना ६४८ सीसीच्या गाडीलाही चालतो. ब्रिटनमध्ये हीच मोटारसायकल परवान्याच्या ए-२ या मध्यम ताकदीच्या गाड्यांच्या वर्गात मोडते आणि तिथल्या पहिल्या प्रात्यक्षिक चाचणीत इंजिन बंद ठेवून गाडी एका चौकोनातून दुसऱ्या चौकोनात ढकलत नेणे, चालण्याच्या वेगात सरळ चालवणे, आठचा आकडा आणि पूर्ण वळण हे सगळे पार पाडावे लागते. मी तो क्रम उतरवून घेतला आणि रिकाम्या पाण्याच्या बाटल्या मांडून त्याप्रमाणेच सराव केला. दुसऱ्या रविवारी दुपारपर्यंत माझ्या खांद्यांतली ताठरता गेली. झेपायला किती दिवस लागतात, या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर असे आहे की, मैदानावरचे सात-आठ तास आणि शहरातले सुमारे सहाशे किलोमीटर.

पाय पुढे ठेवण्याच्या ठेवणीचा एक परिणाम मला ॲव्हेंजरमुळे ठाऊक होता, परंतु येथे तो अधिक जाणवतो. खड्डा दिसला की फूटपेगवर उभे राहून धक्का गुडघ्यांत घेणे शक्य होत नाही, तो थेट कमरेत येतो. मागच्या सस्पेन्शनची हालचाल १०१ मिलिमीटर आणि पुढची १२० मिलिमीटर आहे. क्रूझरची बैठक खाली ठेवायची तर ही मर्यादा स्वीकारावीच लागते, आणि म्हणून या गाडीवर वेगापेक्षा रस्ता वाचण्याला महत्त्व येते. मी आता पुढच्या वाहनापासून पूर्वीच्या दुप्पट अंतर ठेवतो, कारण त्याच्या चाकांखालून अचानक बाहेर पडणारा खड्डा चुकवायला १,५०० मिलिमीटर व्हीलबेसच्या, म्हणजे दोन चाकांत एवढे अंतर असलेल्या गाडीला थोडी अधिक जागा लागते.

गतिरोधकांबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. गाडी जमिनीपासून १३५ मिलिमीटर उंच आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांनुसार गोलाकार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असायला हवा, आणि तसा असेल तर ही गाडी दोन माणसांसह तो निर्धास्त ओलांडते. गल्लीतल्या रहिवाशांनी स्वतःच सिमेंट ओतून केलेले उंचवटे या मापात बसत नाहीत. ते हातभर रुंद आणि वीतभर उंच असतात. अशा ठिकाणी मी गाडी तिरकी नेतो आणि मागे कोणी असेल तर आधी उतरवतो. आमच्या भागातील अशा दोन उंचवट्यांबद्दल महापालिकेकडे लेखी तक्रार दिली आहे, कारण ते रुग्णवाहिकेतल्या रुग्णालाही तितकेच त्रासदायक आहेत.

पहिल्या आठवड्यात गाडी मला गरजेपेक्षा जास्त कडक आणि पुढच्या बाजूने नकोशी चंचल वाटत होती. मी हा दोष वजनाला देत होतो. पाचव्या दिवशी हवा तपासली तेव्हा दोन्ही टायरांत पुस्तिकेतील आकड्यापेक्षा बरीच जास्त हवा भरलेली निघाली. गाडी ताब्यात देताना विक्रेत्याने ती तपासलीच नव्हती. हवा योग्य केल्यावर गाडी लक्षणीय मऊ झाली. मागच्या सस्पेन्शनचा ताण पायऱ्यांनी बदलता येतो. एकट्यासाठी तो सर्वांत सैल ठेवल्यावर आणखी फरक पडला. नव्या गाडीविषयी कोणतेही मत बनवण्याआधी ही दोन कामे करावीत.

मग एका शनिवारी सकाळी पाच वाजता मी वाईमार्गे पाचगणीला निघालो. कात्रजचा बोगदा ओलांडून गाडी सहाव्या गिअरमध्ये स्थिरावली आणि ज्या वजनाशी मी तीन आठवडे झटत होतो तेच वजन माझ्या बाजूने उभे राहिले. ट्रक ओलांडताना येणारा हवेचा झोत ॲव्हेंजरला हातभर सरकवत असे, ही गाडी जागची हलत नाही. इंजिन मिनिटाला ५,६५० फेऱ्यांना ५२.३ न्यूटन-मीटर एवढा सर्वाधिक जोर देते, पण त्याचा मोठा भाग त्याच्या कितीतरी आधीच हाताशी येतो, त्यामुळे खंबाटकीच्या चढावर गिअर न उतरवताही ती शांतपणे चढत राहिली. दोन सिलिंडरांच्या या इंजिनाचा क्रँक, म्हणजे पिस्टनची वर-खाली हालचाल फिरती करणारा दांडा, २७० अंशांचा असल्याने ठोके समान अंतराने पडत नाहीत. तो लयीतला किंचित खंड कानाला आणि तळपायांना फार सुखद वाटतो.

पसरणी घाटात मात्र वजनाने पुन्हा आठवण करून दिली. तिथल्या वळणांवर शरीर झुकवून गाडी वळत नाही. ज्या दिशेला वळायचे त्या बाजूची मूठ हलकेच पुढे ढकलावी लागते, आणि ती ढकलली की एवढी मोठी गाडी आज्ञाधारकपणे त्या बाजूला कलते. हे हलक्या गाडीवरही घडते, फक्त तिथे ते आपल्या नकळत होते, येथे ते जाणीवपूर्वक करावे लागते. उतरताना गिअर खालचा ठेवला आणि वळणाआधीच, गाडी सरळ असताना, ब्रेक लावून घेतला. पुढे ३२० आणि मागे ३०० मिलिमीटरची डिस्क असून दोन्ही चाकांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक लावला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा आहे. क्रूझरवर वजन मागच्या चाकावर अधिक असल्यामुळे मागचा ब्रेक नुसता नावापुरता राहत नाही, भरवशाने वापरता येतो.

बाकीचे थोडक्यात सांगतो. १५.७ लिटरच्या टाकीवर मला लिटरमागे २२ ते २५ किलोमीटर मिळाले. सिग्नलच्या लांब रांगेत उजव्या पोटरीला इंजिनाची ऊब लागते, तेव्हा जाडसर पँट वापरावी. मुंबईला वारंवार जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की द्रुतगती महामार्गावर दुचाकींना बंदी आहे आणि जुन्या महामार्गावरून, बोरघाटातूनच जावे लागते. जानेवारी २०२३ मध्ये ही गाडी ३.४९ ते ३.७९ लाख रुपये या शोरूम किमतीत आली होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीवरील मोटारसायकलींवर ४० टक्के जीएसटी लागू झाला आहे, त्यामुळे जुन्या आकड्यांवरून हिशेब मांडू नये.

गाडी उभी करण्याच्या जागेचा विचार मी आता इंजिन बंद करण्याआधी करतो. तोंड उताराकडे किंवा भिंतीकडे करून लावली तर ती मागे ओढून काढणे एकट्याचे काम राहत नाही. म्हणून उताराकडे नेहमी मागचे चाक ठेवतो आणि पहिला गिअर टाकूनच उतरतो. पावसाळ्यात ओल्या मातीत साइड स्टँड हळूहळू रुततो, यासाठी जुन्या लाकडी पोळपाटाचा तळहाताएवढा तुकडा कापून तो बॅगेत ठेवला आहे.

माझ्याकडे सेलेस्टियल हा प्रकार आहे. त्यात पुढे काच आणि मागे बसणाऱ्यासाठी रुंद बैठक व पाठीला आधार मिळतो. घेताना हा खर्च मला टाळण्यासारखा वाटला होता, पण पत्नीने चाचणीच्या वेळी मागे बसून पाहिले आणि त्या आधाराशिवाय लांब जाणार नाही असे स्पष्ट सांगितले. दोघांच्या प्रवासात तिचे म्हणणे खरे ठरले. मागचा माणूस आधाराला टेकून स्थिर बसला की संथ वळणावर त्याचे वजन अचानक इकडेतिकडे होत नाही आणि चालवणाऱ्याचे निम्मे काम हलके होते. निघताना आणि थांबताना काय करायचे हे आम्ही ठरवून घेतले आहे. मी दोन्ही पाय टेकवून “हं” म्हणेपर्यंत ती चढत नाही आणि उतरतही नाही.