‘एका दिवसात मुंबई-एलिफंटा-अलिबाग-जंजिरा’: पैसे भरण्याआधी पत्रक असं तपासा

सुट्ट्या जवळ आल्या की सीताबर्डीपासून मानेवाड्यापर्यंत फ्लेक्स झळकतात: ‘मुंबई-एलिफंटा-अलिबाग-जंजिरा, सर्व बोटींसह, एका दिवसात’. नागपूरकराला ताडोब्याचं बुकिंग तोंडपाठ असतं, पण भरती-ओहोटीशी आपला संबंध येतो कुठे? फुटाळा तलावाचं पाणी काही दिवसातून दोनदा मागे सरकत नाही. काही एजंटांचा धंदा नेमका याच अज्ञानावर चालतो.

आधी घड्याळ लावून बघा. रात्रीची दुरांतो सकाळी आठच्या सुमारास सीएसएमटीला पोचते. आवरून गेटवेला जाईपर्यंत नऊ वाजतात. मांडव्यापर्यंत बोट साधारण तासभर घेते. पुढे अलिबाग वीसेक किलोमीटर, म्हणजे साडेअकरा झाले. अलिबाग ते मुरूड पन्नासेक किलोमीटर, रस्ता अरुंद आणि वळणांचा, सुट्टीच्या दिवशी दोन तास सहज जातात. त्यापुढे राजपुरीच्या धक्क्यावर जंजिऱ्याला नेणाऱ्या शिडाच्या होडीसाठी रांग. किल्ला पाहून निघेपर्यंत चार वाजतात आणि मांडव्याला पोचेपर्यंत अंधार पडायला येतो. गेटवेची शेवटची बोट संध्याकाळीच सुटते. ती चुकली तर पेण-वडखळमार्गे रस्त्याने मुंबई, आणि त्या टॅक्सीचे पैसे अर्थातच तुमचे. यात एलिफंटा कुठे बसवणार? जाता-येता एकेक तास बोट, वर सव्वाशेच्या आसपास पायऱ्या, मग लेणी: त्यालाच अर्धा दिवस हवा.

एजंटला हे सगळं ठाऊक असतं. म्हणून पत्रकात ‘भेट’ नाही, ‘दर्शन’ छापलेलं असतं. ‘एलिफंटा दर्शन’ म्हणजे बऱ्याचदा गेटवेची अर्ध्या तासाची हार्बर फेरी. ती बोट घारापुरीला, म्हणजे एलिफंटाच्या बेटाला, लागतच नाही. ‘जंजिरा दर्शन’ म्हणजे किनाऱ्यावरूनच हाताने दाखवून ‘तो पहा’. पावसाळ्यात, साधारण जून ते ऑगस्ट, जंजिऱ्याच्या होड्या आणि गेटवे-मांडवा बोटी बंद असतात. तरी त्या महिन्यांचंही बुकिंग घेतलं जातं, कारण ‘दर्शन’ तर घडतंच. एलिफंटा सोमवारी बंद असतं, तेव्हा वार बघून घ्या.

कुलाबा नावाची गंमत वेगळीच. कुलाबा किल्ला अलिबागच्या समुद्रात आणि कुलाबा नावाची वस्ती मुंबईत. पत्रकात नुसतं ‘कुलाबा’ असेल तर गाडी कॉजवेवरून फिरवून आणली तरी तो म्हणणार, लिहिल्याप्रमाणे दाखवलं. ‘कुलाबा किल्ला, अलिबाग, आत प्रवेशासह’ असं लिहून मागा.

त्याच किल्ल्याच्या वेळेवरून एजंट चटकन पकडता येतो. तिथे ओहोटीलाच चालत जाता येतं, आणि ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. सगळ्या तारखांना ‘दुपारी 12 वाजता किल्ला’ छापलेलं असेल, तर त्याने भरतीचं कोष्टक उघडून पाहिलेलंच नाही. कोकणात कोळी तिथीला पाऊणने गुणून भरतीची अंदाजे वेळ काढतात. अष्टमीला आठ पाउणे सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास आणि ओहोटी बाराच्या. अष्टमीला दुपारचा किल्ला जमतो. पौर्णिमेला पंधरा पाउणे सव्वाअकरा. म्हणजे ऐन दुपारी भरती, वाट पाण्याखाली, आणि मग होडीचे पैसे वेगळे. अमावस्येलाही तोच हिशोब. भिंतीवरच्या कॅलेंडरमधली तिथी बघून फोनवरच विचारा, “त्या दिवशी ओहोटी किती वाजता?” उत्तर ‘काहून टेन्शन घेता भाऊ, सगळं इन्क्लुड आहे न’ असं आलं, तर समजून घ्या.

पैशांच्या पावतीतही दोन-तीन जागा ठरलेल्या. मांडव्याला जाणाऱ्या बऱ्याच बोटींच्या तिकिटात अलिबागपर्यंतची बस धरलेली असते. तीच बस ‘ट्रान्सफर चार्ज’ म्हणून माणशी पुन्हा लावतात. उलट एलिफंटाच्या बोटीच्या तिकिटात लेण्यांचं प्रवेश तिकीट नसतं, ते बेटावर वेगळं काढावं लागतं. ‘सर्व समाविष्ट’मध्ये ते नेमकं धरलेलं नसतं. आणि बोट सुटते कुठून, तेही लिहून घ्या. मांडव्याची गाड्या नेणारी रो-रो भाऊच्या धक्क्यावरून सुटते, गेटवेवरून नाही. भाऊच्या धक्क्यावरूनच रेवसची लाँचही जाते, आणि रेवस म्हणजे मांडवा नव्हे.

बोटीचं बुकिंग स्वतःच्या मोबाइल नंबरावर करायला लावा. नंबर एजंटचा असेल तर फेरी रद्द झाल्याचा मेसेज त्याला जातो आणि पैसे त्याने भरले असतील तर परतावाही त्याच्याच खात्यात. तुम्हाला फक्त ‘वातावरण खराब होतं’ एवढंच कळतं.

परतीच्या दुरांतोची तारीख तर हमखास चुकते, कधी कधी मुद्दाम. ती मुंबईहून रात्री सव्वाबाराच्या सुमारास सुटते, म्हणजे पुढच्या तारखेला. सहल शनिवारी 12 तारखेला असेल तर तिकीट 13 चं हवं. 12 चं निघालं, तर तुम्ही गेटवेला पोचण्याआधीच गाडी निघून गेलेली असते. कन्फर्म शिक्का पाहून कुणी तारीख वाचत नाही, मग ऐन वेळी ‘तत्काळ करून देतो’ म्हणत वरचे पैसे.

पक्की पावती मागा. त्यावर पंधरा अक्षरांचा जीएसटी क्रमांक हवा. महाराष्ट्रातला असेल तर 27 ने सुरू होतो. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाकून त्यावरचं नाव जुळतं का बघा. पैसे घेऊन माणूस गायबच झाला तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर त्याच दिवशी फोन करा, उशीर केला तर रक्कम पुढे सरकते. परतावा देतो म्हणून कुणी यूपीआय पिन टाकायला सांगितला तर टाकू नका, पैसे घ्यायला पिन लागत नाही.

सहल झाली पण ठरलं ते दाखवलंच नाही, तर ग्राहक हेल्पलाइन 1915. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता तिथेच दावा दाखल होतो, तेव्हा एजंटचं ऑफिस मुंबईत असलं तरी तारखा नागपुरातच. मुदत दोन वर्षं, आणि पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही. अर्जात नुसतं ‘फसवलं’ लिहून भागत नाही. एका बाजूला पत्रकातली वेळ, दुसऱ्या बाजूला मांडव्याच्या जेटीवरच्या वेळापत्रकाच्या फलकाचा फोटो आणि बोटीच्या तिकिटाचं अर्धुक लावा. म्हणून ते अर्धुक जेटीवरच टाकून देऊ नका.