आफ्रिकेत कामाला जाताना कोणती भाषा शिकावी: फ्रेंच, पोर्तुगीज की स्वाहिली?

आफ्रिकेत नोकरी किंवा व्यापार करू पाहणाऱ्या मराठी माणसाला भाषेविषयी सल्ला मिळतो तो बहुधा नकाशा पाहून दिलेला असतो: फ्रेंच वीसेक देशांत चालते, पोर्तुगीज पाच-सहा देशांत, तेव्हा फ्रेंच शिकावी. हा हिशेब अपुरा आहे, कारण संविधानातली भाषा, शाळेतली भाषा आणि बाजारातली भाषा एकच असण्याचा योग तिथे क्वचित येतो. म्हणून आपले काम यांपैकी कोणत्या ठिकाणी आहे हे आधी ठरवायला हवे.

फ्रेंचचेच उदाहरण घ्यावे. सेनेगलची अधिकृत भाषा फ्रेंच आहे, परंतु डाकारच्या बाजारात व्यवहार होतो तो वोलोफमध्ये, आणि ज्यांची मातृभाषा वोलोफ नाही असे लोकही आपसांत तीच बोलतात. तिथे फ्रेंच शाळेतून येते आणि कचेरीत वापरली जाते. आयव्हरी कोस्टमधील आबिजानचे चित्र वेगळे आहे. त्या देशात साठएक भाषा आहेत आणि त्यांतली कोणतीही एक सर्वांवर वरचढ नसल्यामुळे फ्रेंचच रस्त्यावर उतरली, तिला स्थानिक वळण लागले, तिच्यातून ‘नूशी’ नावाची तरुणांची बोली घडली आणि आज तिथली कितीतरी मुले फ्रेंच बोलतच मोठी होतात. त्यामुळे एकाच अभ्यासक्रमाचा उपयोग आबिजानमध्ये दिवसभर होतो, तर डाकारमध्ये कचेरीची वेळ संपली की कमी होतो. काँगो लोकशाही प्रजासत्ताकाची राजधानी किन्शासा इथेही कागदपत्रे फ्रेंचमध्ये आणि रस्त्यावरचे बोलणे ‘लिंगाला’ या स्थानिक भाषेत, अशीच विभागणी आहे.

कचेरीतले फ्रेंचचे बळ मात्र कमी लेखू नये. मुख्यतः पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतील 17 देशांनी ‘ओहाडा’ या व्यवस्थेखाली व्यापारी कायदे समान केले आहेत. ते मुख्यतः फ्रेंचमध्ये घडलेले असल्याने कंपनीची नोंदणी, करार, थकबाकीची वसुली किंवा दिवाळखोरी यांच्याशी ज्याचा संबंध येतो त्याला फ्रेंचवाचून पदोपदी दुभाष्या लागतो.

याच भाषेचे स्थान आता हलते आहे. मालीने 2023 च्या संविधानात फ्रेंचचा अधिकृत दर्जा काढून 13 राष्ट्रीय भाषांना तो दिला आणि फ्रेंचला केवळ कामकाजाची भाषा म्हणून ठेवले. बुर्किना फासो आणि नायजरनेही त्याच दिशेने पावले टाकली. रवांडाने त्याआधीच, 2008 मध्ये, शिक्षणाचे माध्यम फ्रेंचऐवजी इंग्रजी करण्याचा निर्णय घेतला होता. मालीत बहुसंख्य लोक बांबारा ही स्थानिक भाषा बोलत असताना परक्या भाषेलाच मान मिळावा हे मला न्याय्य वाटत नाही, त्यामुळे मालीचा निर्णय मी स्वागतार्ह मानतो. तरीही शिकणाऱ्याने घाबरून जाऊ नये, कारण न्यायालयातले निकाल आणि विद्यापीठातली पुस्तके एका मतदानाने बदलत नाहीत.

पोर्तुगीजचा विस्तार लहान, पण अंगोलात तिची मुळे फार खोल गेली आहेत. 2014 च्या जनगणनेत 71 टक्के लोकांनी आपण घरी पोर्तुगीज बोलतो असे सांगितले. 1975 ते 2002 या काळातील यादवी युद्धात निरनिराळ्या भाषा बोलणारी माणसे जीव वाचवण्यासाठी लुआंडासारख्या शहरांत आली आणि त्यांच्या मुलांना जोडणारी भाषा पोर्तुगीज ठरली, हे त्यामागचे एक मोठे कारण आहे. मोझांबिकमध्ये ती मातृभाषा असलेले लोक बरेच कमी आहेत आणि उत्तरेत माखुवा बोलली जाते. पण भारताने 2016 मध्ये ज्या देशाशी तूर खरेदीचा करार केला, त्या देशाची कागदपत्रे पोर्तुगीजमध्येच असतात. पगार, चावी, बादली हे शब्द आपल्याकडे पोर्तुगीजमधूनच आले, तरी तिची क्रियापदे शिकायला कष्ट पडतातच. गोवा विद्यापीठात ही भाषा शिकण्याची सोय आहे.

टांझानियात किंवा केनियात जायचे असेल तर या दोन्ही भाषा बाजूला ठेवाव्यात. तिथल्या कचेरीपुरती आपली इंग्रजी पुरते आणि उरलेल्या आयुष्यासाठी स्वाहिली लागते. टांझानियात सरकारी प्राथमिक शाळा स्वाहिलीत चालतात, आणि 2022 मध्ये आफ्रिकी संघानेही तिला कामकाजाची भाषा म्हणून स्वीकारले. पेसा म्हणजे पैसे, गारी म्हणजे गाडी, बिमा म्हणजे विमा, लाकी म्हणजे लाख, हे ऐकून मराठी माणूस सुखावतो. अवघड जातात ते नामांचे वर्ग, ज्यांच्याप्रमाणे वाक्यातली विशेषणे आणि क्रियापदेही बदलतात.

देश ठरलेला नसेल आणि काम कायदा, बँक, औषधविक्री किंवा मदतसंस्थेचे असेल, तर मी फ्रेंचच सुचवीन. अंगोला किंवा मोझांबिक नक्की असेल तर पोर्तुगीज, आणि पूर्व किनाऱ्यावर राहायचे असेल तर निःशंकपणे स्वाहिली. कोकणातल्या कारखान्यासाठी गिनी-बिसाऊची काजू बी विकत घेणाऱ्याची गोष्ट निराळी आहे: तिथले सरकारी कागद पोर्तुगीजमध्ये, व्यापारी कायदा ओहाडाचा, शेजारच्या सेनेगलची कचेरी फ्रेंचमध्ये आणि माल गोळा करणाऱ्यांशी बोलणे क्रिओल या तिथल्या मिश्र भाषेत होते. त्याने पोर्तुगीजपासून सुरुवात करावी, कारण क्रिओलचा बहुतेक शब्दसंग्रह तिच्यातूनच आलेला आहे.