दाढ काढायला नकार देणारा विभाग

पाचपैकी चार तारे. एक का कापला ते पुढे सांगते.

वरच्या उजव्या दाढेत सतत ठणका होता. आधीच्या दवाखान्यात रूट कॅनल झालं, तरी थांबेना म्हणून दाढच काढली. मग दुखणं शेजारच्या दाढेत मुक्कामाला गेलं. एक्स-रेत काहीच नाही, तरी तिथले डॉक्टर म्हणाले, "हीसुद्धा काढून बघू या का?" मी तिथून उठले आणि दंत रुग्णालयाच्या या चेहरा-जबड्याच्या वेदना विभागात आले.

इथे हत्यारांना कुणी हातच लावला नाही. गार पाण्याने वाढतं का, दुखण्याने झोपमोड होते का, चावताना कळ येते का, असं बराच वेळ विचारलं. मग दाढ सुन्न करणारं इंजेक्शन दिलं. हिरडी पार बधिर झाली, पण ठणका काही पुरता गेला नाही. इथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "उगम बहुतेक दाढेत नाहीये. ही काढली तर ठणका तिसरीत जाईल." आजवर इतकं सरळ कुणी बोललं नव्हतं.

गोळी लिहून दिली ॲमिट्रिप्टिलीन, 10 मिलिग्रॅम, रात्री. घरी मुलाने नाव शोधलं आणि म्हणाला, "आई, ही तर डिप्रेशनची आहे!" मी दुसऱ्या दिवशी तणतणत परत गेले. विभागातल्या मानसोपचारतज्ज्ञांनी न चिडता समजावलं. नैराश्यात हीच गोळी साधारण 75 ते 150 मिलिग्रॅम लागते. एवढ्याशा डोसचं काम वेगळं: वेदनेचे संदेश दाबणारी मेंदूची स्वतःची एक यंत्रणा असते, तिला सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिनमार्फत बळ द्यायचं. "दुखणं खोटं आहे असं आम्ही म्हणतच नाही," हेही त्यांनी सांगितलं. काचबिंदू आहे का, लघवी अडते का, हे विचारून आणि ईसीजी बघूनच विभागाने गोळी दिली होती, हे मला तेव्हा कुठे लक्षात आलं.

पहिल्या आठवड्यात फरक शून्य, नुसती सकाळची गुंगी. पुढे डोस हळूहळू 25 पर्यंत नेला, तेव्हा ठणका ओसरू लागला. अधूनमधून अजून जाणवतो, पण वर्गात शिकवताना गालावर हात जात नाही.

आता कापलेला तारा. या गोळीने तोंड कोरडं पडतं आणि लाळ कमी झाली की दात किडतात. दातांचंच रुग्णालय, आणि हे मला आधी कुणी सांगू नये? तास घेताना जीभ टाळ्याला चिकटायला लागली, तेव्हा मी विचारलं. मग फ्लोराइडची पेस्ट मिळाली, सारखं घोट घोट पाणी प्यायला सांगितलं.

जिभेची आग होते म्हणून आलेल्यांची इथे आधी बी-12, लोह, साखर तपासतात. सरसकट गोळी देत नाहीत, हे मला आवडलं. बरं वाटलं म्हणून मनाने गोळी बंद करू नका, डोस इथले डॉक्टरच टप्प्याटप्प्याने उतरवतात. मानसोपचारतज्ज्ञ रोज नसतात, आधी फोन करून जा.