फिरणारी पाती आणि गेलेले १,७८,५०० रुपये

गच्चीवर लहान पवनचक्की बसवली की विजेचे बिल नावापुरतेच उरेल, या आश्वासनावर मी १,७८,५०० रुपये घालवले. नोंदणीचे २५,०००, यंत्र व उभारणीचे १,३५,००० आणि ‘वाऱ्याच्या सर्वेक्षणा’चे १८,५००. दुसऱ्यांच्या हिशेबातल्या चुका काढण्यात ज्याची उभी नोकरी सरली, त्याला हे लिहिताना लाज वाटते.

सवलतीचा शेवटचा दिवस, मोजकीच यंत्रे शिल्लक, हे प्रकार सर्वांना ठाऊक आहेत. मला सलतो तो प्रात्यक्षिकाचा क्षण. पाती भिरभिरत होती, विक्रेत्याने मल्टिमीटरवर ५२ व्होल्ट दाखवले आणि मी मान डोलावली. त्या तारांना साधा दिवासुद्धा जोडलेला नव्हता! भार नसताना जनित्र व्होल्ट दाखवतेच. प्रवाह वाहिल्याशिवाय त्या आकड्याला काही अर्थ नसतो, हे मी शाळेत शिकलो होतो. ‘एक बल्ब लावून दाखवा’ हे चार शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत.

माहितीपत्रकात व्यास १.२ मीटर आणि क्षमता ३ किलोवॅट असे शेजारी शेजारी छापलेले होते. सेकंदाला १२ मीटर वेगाच्या वाऱ्यातही एवढ्या वर्तुळातून जेमतेम १.२ किलोवॅट शक्ती वाहते, आणि बेट्झच्या मर्यादेनुसार कोणतीही पवनचक्की त्यातली ५९.३ टक्क्यांहून अधिक घेऊ शकत नाही. पण पवनऊर्जा खोटी नाही, उंच मनोऱ्यांवरच्या प्रचंड पवनचक्क्या खरोखर वीज देतात, मग लहान का देणार नाही, असे कोणालाही वाटले असते. व्यास आधी पाहा, किलोवॅट नंतर.

सर्वेक्षण म्हणजे एक मनुष्य हातात वेगमापक धरून दहा मिनिटे गच्चीवर उभा राहिला आणि जोराच्या झुळकेचा आकडा लिहून गेला. वाऱ्याचा वेग निम्मा झाला की शक्ती एक अष्टमांश उरते, आणि इमारतींमधला वारा तर भोवरे घेत येतो; म्हणून वर्षभराच्या नोंदींशिवाय कोणाचेही भाकीत मानू नका. महिन्याला ३५० युनिट सांगितले होते. पहिल्या महिन्यात मीटरने ४ दाखवले.

त्यानंतर विक्रेत्याचा फोन बंद झाला. पोलीस ठाण्यात मला ऐकवण्यात आले की यंत्र मिळाले आहे, पाती फिरते आहे, तेव्हा हा फसवणुकीचा नव्हे, ग्राहक तक्रारीचा विषय आहे. तक्रार कक्षाने यंत्राच्या तांत्रिक दाखल्यासाठी वीज कार्यालयाकडे पाठवले; तिथल्या अधिकाऱ्याने, यंत्र सार्वजनिक वीजजाळ्याला जोडलेलेच नसल्याने ते आमच्या कक्षेत येत नाही, असे सांगून पुन्हा पोलिसांकडे बोट दाखवले. पाच महिन्यांत अकरा खेपा झाल्या, प्रत्येक वेळी त्याच पावत्यांच्या नव्या प्रती मागितल्या गेल्या. (अपेक्षित उत्पादन पावतीवर लिहून घ्या, माझ्या पावतीवर फक्त ‘पवनचक्की, नग १’ एवढेच आहे.)

गेल्या आठवड्यात लेखी उत्तर आले: ‘सदर यंत्राची पाती फिरत असल्याचे अर्जदाराने स्वतः मान्य केले असल्याने यंत्र चालू स्थितीत समजण्यात येत असून तक्रार निकाली काढण्यात येत आहे.’