उर्वशीच्या नावाखाली सीताअशोक

2018 च्या जुलैत उर्वशी या फुलझाडाची दोन गुटी कलमे (झाडावरच्या फांदीला मुळे फोडून केलेली रोपे) म्हणून मी सात हजार रुपये मोजले, आणि 2024 च्या फेब्रुवारीत त्यांपैकी एका झाडाच्या जून फांदीवर केशरी फुलांचा गच्च झुबका उमलला, तेव्हा इतकी वर्षे अंगणात आपण सीताअशोक वाढवत होतो हे माझ्या लक्षात आले. रत्नागिरीजवळ आमची हापूसची जुनी बाग असून कोय कलमे मी शाळकरी वयापासून बांधत आलो आहे. तरीही मी फसलो, याची लाज वाटते. पण ज्यांनी कलम कधी हातात धरलेले नाही त्यांना फसवणे किती सोपे असेल, या विचाराने हे लिहीत आहे.

उर्वशी, म्हणजे ॲम्हर्स्टिया नोबिलिस, हे मूळचे म्यानमारचे झाड. 1827 साली वॉलिच या वनस्पतिशास्त्रज्ञाला ते मार्तबानजवळच्या एका मठाच्या बागेत आढळले आणि त्याने गव्हर्नर जनरलच्या पत्नी लेडी ॲम्हर्स्ट यांच्यावरून त्याचे नाव ठेवले. या झाडाला शेंगा क्वचितच धरतात, त्यामुळे रोपे मुख्यतः गुटी बांधूनच करावी लागतात, आणि गुटीलाही मुळे फुटतीलच याची खात्री नसते. रोप दुर्मिळ आणि महाग असण्याचे हे खरे कारण विक्रेत्याने मला इतके नीट समजावून सांगितले की, एवढी माहिती असलेला माणूस खोटे कशाला बोलेल, असे मला वाटले. सीताअशोकाची रोपे मात्र ताज्या बियांपासून सहज होतात आणि कोणत्याही चांगल्या रोपवाटिकेत शे-दोनशे रुपयांत मिळतात.

ही अदलाबदल खपते ती पालवीमुळे. दोन्ही झाडे एकाच कुळातली असून दोहोंची कोवळी पाने तांबूस, लुळी आणि ओल्या रुमालासारखी खाली लोंबणारी असतात. विक्रेत्याने मोबाइलवर पाठवलेली फुलांची छायाचित्रे उर्वशीचीच होती. पार्सलमधून आलेल्या रोपांची पालवीही तशीच लोंबत होती, आणि मी निश्चिंत झालो.

दोन्ही रोपांच्या खोडावर, मातीपासून वीतभर उंचीवर, प्लास्टिकची पट्टी सुतळीने घट्ट बांधलेली होती. “कलमाची खूण आहे, वर्षभर सोडू नका,” असे त्याने फोनवर बजावले होते. खरे तर इथेच मला हसू यायला हवे होते. गुटीत फांदीवरची बोटभर रुंदीची साल गोलाकार काढून त्या जागी ओले शेवाळ बांधतात, आणि मुळे फुटल्यावर तिच्याखाली फांदी कापून तो मुळांचा गोळाच मातीत लावतात. मग मातीच्या वर पट्टी येणार कुठून? पट्टी असते ती दोन झाडांचा जोड बांधायला, म्हणजे पाचर कलमाला किंवा डोळा भरलेल्या रोपाला. मी वर्षभर ती पट्टी इमानेइतबारे जपली, आणि सोडली तेव्हा आत साल अखंड होती, जोडाचा मागमूस नव्हता. त्याच पावसाळ्यात रोपे जमिनीत लावताना पिशवी फाडली, तर तळाशी जाड सोटमूळ दोन वेढे घेऊन बसलेले दिसले. असे सोटमूळ बियांच्या रोपाला असते, गुटीला नसते, हे मला माहीत होते. तरीही मी ते हाताने उलगडले, सरळ केले आणि खड्ड्यात सोडले, कारण सात हजार रुपये दिलेल्या माणसाला शंका परवडत नाही.

फुले आल्यावर, मार्चमध्ये, मुंबईला राणीच्या बागेत जाऊन खरी उर्वशी पाहिली. तिचे लालभडक तुरे लांब देठांवरून झुंबरासारखे खाली लटकतात आणि पाकळ्यांच्या टोकांना पिवळा डाग असतो. सीताअशोकाच्या फुलाला पाकळ्याच नसतात, आणि त्याचे झुबके फांदीलाच चिकटून बसतात. पण त्यासाठी फुलांची वाट पाहण्याची गरज नव्हती. उर्वशीच्या जून पानाला साधारण सहा ते आठ जोड्या पर्णिका असतात आणि त्यांची मागची बाजू फिकट, पांढुरकी दिसते. माझ्या झाडांच्या पानांवर चार-पाच जोड्याच होत्या आणि मागची बाजूही हिरवीच होती. मी कधी पान उलटून पाहिलेच नव्हते.

तक्रारीचे म्हणाल तर पावतीवर “शोभेची रोपे, 2 नग” एवढेच लिहिलेले आहे, उर्वशीचा उल्लेख नाही. ग्राहक आयोगाकडे दाद मागण्याची मुदत दोन वर्षांची असते. उशीर झाल्यास त्याचे सबळ कारण पटवून द्यावे लागते, आणि फुलायला पाच-सहा वर्षे घेणाऱ्या झाडाच्या बाबतीत विक्रेत्याला हे पक्के ठाऊक असते. पावतीवर झाडाचे शास्त्रीय नाव आणि “गुटी कलम” हे शब्द लिहून घेतले असते, तर निदान भांडायला काही हातात राहिले असते. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली आहे.

झाडे तोडलेली नाहीत, कारण त्यांचा काही दोष नाही आणि संध्याकाळी त्यांचा मंद सुगंध ओटीपर्यंत येतो. गेल्या महिन्यात पुतण्याच्या फोनवरून त्या विक्रेत्याकडे सहज चौकशी केली. उर्वशीची गुटी कलमे उपलब्ध आहेत, नगाला पाच हजार, आणि खोडावरची पट्टी वर्षभर सोडायची नाही.