आयर्विनच्या गाळ्यातून: १५ हॉर्सपॉवरच्या आउटबोर्ड इंजिनाचा एका पावसाळ्याचा अनुभव

पावसाळ्यात सांगलीत कुणीही भेटलं की पहिला प्रश्न एकच, "आयर्विनला किती?" म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हा आकडा ५७ च्या वर गेला, तेव्हा सांगलीवाडीत माडीवर आम्ही नऊ माणसं दीड दिवस बोटीची वाट बघत होतो. त्याच पुरात ब्रह्मनाळला जास्त माणसं बसलेली बोट उलटली. ती बातमी ऐकली त्या रात्री माडीवर कुणी जेवलं नाही.

पुढं गल्लीतल्या पोरांनी वर्गणी काढून रबरी बोट घेतली. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, म्हणून इंजिन निवडायचं काम माझ्याकडं आलं. जपानी बनावटीचं, टू-स्ट्रोक, दोरी ओढून चालू होणारं १५ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागं बाहेरून लावायचं इंजिन, घेतलं. टाकी, पाइप आणि वाहतूक धरून पावणेदोन लाख गेले. विक्रेता फोनवर सारखा वेग सांगत होता. मला वेग नको होता. मला बोट पाण्यात एका जागी उभी करता यायला हवी होती.

हे मी शिकलो पांबनला. रामेश्वरच्या यात्रेत आम्ही मुद्दाम तिथं थांबलो. ६ एप्रिल २०२५ ला सुरू झालेल्या नव्या रेल्वे पुलाचा ७२.५ मीटरचा गाळा, म्हणजे दोन खांबांमधला भाग, लिफ्टसारखा सरळ वर उचलला जातो. शेजारच्या १९१४ च्या जुन्या पुलाचे दोन पाख दोन्ही बाजूंना वर उघडायचे. गाळा वर जाताना बघायला गर्दी असते, पण मी खाली बघत होतो. मच्छीमारांच्या बोटी पूल उघडायची वाट बघत थांबल्या होत्या. तोंड ओढीच्या विरुद्ध, इंजिन अगदी मंद, आणि बोट जागच्या जागी. एकही बोट दुसरीला घासली नाही. वाट मोकळी झाल्यावर एकामागं एक निघाल्या, गाळ्याच्या मधोमध.

आपला आयर्विन १९२९ चा, दगडी. तो वर उचलला जात नाही, इथं पाणीच वर चढतं आणि कमानीखालची जागा कमी होत जाते. वाट बघावी लागते ती वाहून येणाऱ्या लाकडांची. म्हणून जुलैत पाणी २८ फुटांवर असताना, अग्निशमन दलाला कळवून, दोघं बोटीत आणि चौघं काठावर दोर घेऊन अशी तालीम केली.

आम्ही पुलाच्या खालच्या अंगाला, प्रवाहाकडं तोंड करून थांबलो. इंजिन गिअरमध्ये, हँडल थोडंसं पिळलेलं. बोट दहा मिनिटं मधल्या गाळ्यासमोरून हलली नाही. एक बाभळीचं खोड गाळ्यातून आलं, ते बाजूनं जाऊ दिलं आणि मग वर चढलो. मंद फिरतानाही इंजिन बंद पडलं नाही. या एका गोष्टीसाठी मी याला पैकीच्या पैकी गुण देईन.

उतरताना मात्र जपावं लागतं. प्रवाहाबरोबर जाताना पोरं घाबरून न्यूट्रल करतात. आउटबोर्डला वेगळं सुकाणू नसतं. पंख्यानं पाणी ढकललं तरच बोट वळते, न्यूट्रल केलं की ती नदीच्या हाती जाते. खांबाच्या मागं पाणी संथ दिसतं, पण तिथं भोवरा असतो आणि तो बोट खांबाकडं ओढतो. बोट आडवी होऊन खांबाला लागली तर पाणी प्रवाहाच्या वरच्या बाजूनं आत चढतं आणि ती उलटते. आमच्या एका पोराला घाम फुटला होता. त्याच्याकडून पाच वेळा उतरवून घेतलं, तेव्हा हात बसला.

आता तक्रारी. विक्रेत्यानं आधी लांब शाफ्टचं (पंख्यापर्यंत खाली जाणाऱ्या दांड्याचं) इंजिन पाठवलं. रबरी बोटीला आखूड, म्हणजे १५ इंची शाफ्ट लागतो. लांब शाफ्टचा पंखा उथळ पाण्यात, पूर आलेल्या रस्त्यावर, आधी खाली घासणार. बदलून मिळायला तीन आठवडे गेले, तोवर जून संपला होता. ऑर्डर देताना शाफ्टची लांबी कागदावर लिहून घ्या.

दुसरी तक्रार जलपर्णीची. हरिपूरच्या संगमाकडं गेलो तेव्हा पंख्याला गुंडाळी बसली आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची वाट तुंबली. मागून त्या पाण्याची पिचकारीसारखी धार पडत असते, ती थांबली की इंजिन लगेच बंद करा, नाहीतर पिस्टन तापून अडकतो. म्हणून एका माणसाची नजर त्या धारेवरच ठेवतो. पंखा दगडाला लागला तर आतला रबरी बुश घसरतो, आवाज वाढतो पण बोट पुढं जात नाही. जास्तीचा पंखा, पिन आणि पाना बोटीतच बांधून ठेवलाय.

तेलाचं प्रमाण एक लिटर पेट्रोलला २० मिली, पण नव्या इंजिनाला सुरुवातीच्या तासांत दुप्पट. माहितीपुस्तक इंग्रजीत आहे. मी ते मराठीत लिहून टाकीवर चिकटवलंय. बंद करायची लाल दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधल्याशिवाय आमच्याकडं कुणी हँडलला हात लावत नाही. माणूस पाण्यात पडला की दोरी सुटते आणि पंखा थांबतो.

पुरात माणसं पंख्याजवळ पोहत येतात, म्हणून आता त्याला जाळीचं कडं करून घेतोय. कड्यानं जोर थोडा कमी होणार. तो किती कमी होतो ते आयर्विनखाली त्याच गाळ्यासमोर उभं राहून बघेन, मग इथं लिहीन.